वारा लागू द्या! पावसाळ्यातल्या ओल्या कपड्यांविषयी

(प्रभागसंघाच्या जून महिन्याच्या सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या भगिनींना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथं देत आहोत.)



आजच्या सभेत बचतीचा विषय आहे, थकीत कर्जाचा आहे, खरिपाच्या बियाण्याचा आहे. ते सगळं अध्यक्ष ताई घेतीलच. मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि मी विषय घेतलाय ओल्या कपड्यांचा. हसा, हरकत नाही. पण मागच्या आठवड्यात एका समूहाच्या बैठकीत मी सहज विचारलं, "पावसाळ्यात सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो?" मला वाटलं, कुणी लावणीचं म्हणेल, कुणी लाईटचं, कुणी रस्त्याचं. एक मावशी म्हणाल्या, "कपडे वाळत नाहीत बघ." आणि बाकीच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मग तासभर बैठक त्यावरच चालली. म्हणून म्हटलं, हा विषय सभेत आला पाहिजे.

मी मूळची जत तालुक्यातली. आमच्याकडं धुणं बाभळीच्या कुंपणावर टाकायचं आणि भांडी घासून येईपर्यंत घडी घालायची. जतला वर्षाला पाऊस पडतो पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आणि आपल्या या बाजूला महाबळेश्वरला पडतो साडेपाच हजाराच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. कोयना खोरंही काही फार मागं नाही. सांगली आणि सातारा, शेजारशेजारचे जिल्हे, पण पाऊस दहापट.

एम.एस.डब्ल्यू. होऊन मी इथं कामाला लागले, तेव्हा हेळवाकच्या पुढं एक खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच पावसाळ्यात माझे सगळे ड्रेस सर्द. ट्रंकेतल्या कपड्यांवर पांढरी बुरशी. मी दोरीवर टाकून वाट बघत बसायची, दोन दिवस, तीन दिवस. शेवटी घरमालकीण मावशी म्हणाल्या, "पोरी, तुमच्या जतला कपडे वाळतात. इथं वाळत नसतात, इथं वाळवावे लागतात."

आज मला एवढंच सांगायचंय. पावसाळ्यात कपडे वाळवणं हे काम आहे, त्याला डोकं लागतं, त्याला जागा लागते. आणि त्यात चूक झाली तर नुसता वास येत नाही, अंगावर निघतं, कधी जीवावरही बेतते.

कपडे वाळतात कशानं?

तुम्ही म्हणाल, उन्हानं. अर्धं खरं आहे. कपड्यातलं पाणी वाफ होऊन हवेत जातं. ऊन नसलं तरी ते जातं, पण हवेत जागा असेल तरच. हवा म्हणजे एक भांडं समजा. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतलं तर ते बाहेरच सांडणार. पावसाळ्यातली हवा असा जवळजवळ भरलेला हंडा असतो.

थोडा हिशेब सांगते. आपण बचतीचा हिशेब करतो, तसाच हा हवेचा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढी हवा घ्या. पंचवीस अंश तापमानाला तिच्यात जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. आपल्याकडं झड लागली की हवा नव्वद टक्के भरलेली असते. म्हणजे जागा उरली फक्त सव्वादोन ग्रॅम. आता दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी खोली धरा. तिच्या सगळ्या हवेत मिळून जागा उरते साधारण ६४ ग्रॅम पाण्याची. अर्धा कप चहासुद्धा नाही.

आणि ओली साडी? हातानं चांगली पिळलेल्या सुती कपड्यात त्याच्या स्वतःच्या वजनाइतकं तरी पाणी राहतं. सहाशे ग्रॅमचं सुती लुगडं असेल तर सहाशे ग्रॅम पाणी. म्हणजे एक लुगडं वाळायला त्या खोलीतली हवा जवळजवळ दहा वेळा बदलायला हवी. आपण काय करतो? पाऊस आत येतो म्हणून दारं-खिडक्या लावून घेतो, आणि सगळ्या घराचं धुणं त्याच खोलीत टांगतो. मग ते वाळणार कसं? आणि ते पाणी जाणार कुठं? भिंतीत, गोधडीत, धान्याच्या कणगीत, आणि आपल्या छातीत.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. ऊन आपल्या हातात नाही, वारा आहे. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा एक दार आणि एक खिडकी वीतभर तरी उघडी पाहिजे. बाहेर हवा ओली असली तरी खोलीत कोंडलेल्या हवेपेक्षा ती बरी, कारण ती सरकते.

दुसरी गोष्ट, ऊब. हवा तापली की हंडा मोठा होतो. तीच पंचवीस अंशांची ओली हवा पस्तीस अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यात पाण्याला सात-आठपट जागा होते. आपल्या आज्यांना हे पुस्तकात वाचावं लागलं नाही. चुलीच्या वर माळ्याखाली त्यांनी दांडी बांधली होती, ती काय उगीच? चुलीची ऊब वर जाते आणि कौलांच्या फटीतून ओली हवा बाहेर निघते. वारा आणि ऊब, दोन्हीची सोय एका जागी.

आता चुली कमी झाल्या, गॅस आला. धूर गेला, डोळे वाचले, फार चांगलं झालं. पण गॅस पेटवून त्यावर कपडे वाळवायला जाऊ नका. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन घरात येतं. म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरच्या वर. एका बाजूनं वाळवायचं आणि दुसऱ्या बाजूनं ओलं करायचं, वर आगीची भीती. स्वयंपाक करताना गॅसजवळची खिडकी उघडी ठेवा, तेवढं पुरे.

ड्रायर घ्यावा का?

बऱ्याच ताई विचारतात. आपल्याकडं ज्याला ड्रायर म्हणतात, ते वॉशिंग मशीनचं दुसरं भांडं. ते कपडे वाळवत नाही, गरगर फिरवून पिळतं. ते चांगलंच आहे, कारण हातानं कितीही पिळलं तरी तेवढं पाणी निघत नाही. गरम हवेनं पूर्ण कोरडे करणारं यंत्र वेगळं. ते महाग, आणि एका धुण्याला दोन-तीन युनिट वीज खातं. त्याच्या मागं लागू नका. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा असतो. रात्रभर आठ तास चालवला तरी अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते. ड्रायरचं बरंचसं काम पंखा करतो, फक्त वेळ जास्त घेतो.

आता मावशींकडून आणि तुमच्यातल्याच अनेक जणींकडून मी जे शिकले, ते सांगते.

आठवड्याचं धुणं साठवू नका. झडीच्या दिवसांत रोज थोडं धुवा. दहा कपडे एकदम टांगले तर दहाही कुबट होतात. रोज चार टांगले तर चारही वाळतात.

पिळण्यात कंजुषी नको. जाड कपडा पिळून झाला की कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून परत एकदा पिळा. टॉवेल ओला होईल, पण शाळेचा गणवेश सकाळपर्यंत वाळेल. सुती, नाजूक कपडा असेल तर पिळा घालण्याऐवजी गुंडाळी दाबा.

आधी निथळू द्या, मग आत घ्या. सोप्यात किंवा पडवीत, वळचणीच्या आत एक दोरी ठेवा. तासभर तिथं पाणी गळू द्या. गळणारे कपडे थेट खोलीत आणले की जमीन ओली, मग घर आणखी दमट.

दोन कपड्यांत चार बोटं अंतर. साडी चौघडी करून टाकली तर मधली घडी तीन दिवस ओलीच राहते. साडी दोन दोऱ्यांवर पसरा, म्हणजे मधे पोकळी राहते. पँट, परकर, झंपर उलटे करून टाका. शिवण, खिसा, नाडीची पट्टी, कमरेचं इलॅस्टिक हे सगळ्यात शेवटी वाळतं, ते बाहेर आलं पाहिजे. शर्ट हँगरला लावले की दोरीही कमी लागते आणि वाराही सगळीकडून लागतो. चार तासांनी एकदा कपडे फिरवा.

दोरी भिंतीला चिकटून नको, खोलीच्या मधून हवी आणि उंच हवी. ऊब वर असते.

वाळलाय की नाही, हे हातानं कळत नाही. थंड लागतो तो ओलाच असतो, हे खरं. पण शिवणीला नाक लावून बघा. कुबट वास आला तर तो कपडा घडी करून ट्रंकेत टाकू नका. तो वास म्हणजे नुसता पावसाळी वास नव्हे. ओल्या कपड्यात जिवाणू वाढतात, त्यांचा तो वास. साबणानं सगळे जिवाणू जात नाहीत, म्हणून धुतलेल्या कपड्याला पुन्हा पुन्हा तोच वास येतो. असा कपडा कडक पाण्यात भिजवून परत धुवायचा.

आणि इस्त्री. हजार वॅटची इस्त्री दहा मिनिटं फिरवली तर एक युनिटचा सहावा भाग. ओलाचिंब कपडा इस्त्रीनं वाळवू नका, वेळ आणि वीज दोन्ही जातं. पण जवळजवळ वाळलेल्या कपड्याची शेवटची सर्दी इस्त्रीनं जाते. शाळेचे गणवेश, आतले कपडे आणि बाळाची दुपटी, एवढ्यांवर रोज इस्त्री फिरवली तरी पुष्कळ.

बाळंतिणीच्या खोलीविषयी एक सांगते. दुपटी वाळावीत म्हणून आपण कोळशाची शेगडी आत ठेवतो आणि बाळाला गार वारा नको म्हणून दार लावतो. हे करू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला ना रंग ना वास. झोपेतच माणूस जातं. दुपटी दुसऱ्या खोलीत वाळवा. शेगडी ठेवायचीच असेल तर खिडकी उघडी हवी, आणि झोपताना शेगडी बाहेर.

तारेची वलणी काढून टाका

आता जीवावरची गोष्ट. आपल्यापैकी किती जणींच्या घरी कपड्याची वलणी लोखंडी तारेची आहे? हात वर करा. (सभेत बरेच हात वर झाले.) वाचणाऱ्या ताईंनीही मनातल्या मनात हात वर करावा.

दरवर्षी पावसाळ्यात पेपरात एक बातमी असतेच. कपडे वाळत घालताना विजेचा धक्का बसून बाई गेली. तिला वाचवायला धावलेला नवरा किंवा मुलगाही गेला. हे होतं कसं? तार एका टोकाला पत्र्याच्या शेडला किंवा लोखंडी खांबाला बांधलेली असते. शेजारून घराची सर्व्हिस वायर जाते. वारा-पावसात घासून तिचं आवरण सोलतं, ती पत्र्याला टेकते आणि वीज पत्र्यातून तारेत उतरते. बाईचे हात ओले, पाय ओल्या जमिनीवर, हातात ओला कपडा. तिला कळायच्या आत सगळं संपतं.

म्हणून लोखंडी तार काढा, नायलॉनची दोरी लावा. दोरी विजेच्या खांबाला, मीटरच्या पेटीला, टीव्हीच्या डिशला बांधू नका. वायरवर तर रुमालसुद्धा टाकू नका. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर "होतं असं कधीकधी" म्हणून सोडू नका, त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

घरात ईएलसीबी बसवून घ्या. दुकानात त्याला आरसीसीबी पण म्हणतात. ३० मिलिअँपिअरचा मागा. कुठं वीज गळायला लागली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईट तोडतो. घराला चांगलं अर्थिंगही करून घ्या. समूहातून अंतर्गत कर्ज आपण लग्नाला घेतो, सणाला घेतो. यासाठी घेतलं तर कुणी नाही म्हणणार नाही, आणि म्हटलं तर मला सांगा.

आणि देव न करो, पण कुणाला धक्का बसलाच तर त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडानं तार बाजूला करा. मग १०८ ला फोन.

जो कपडा सगळ्यात जास्त लपवतो

आता ज्या विषयासाठी मी खरं तर उभी राहिले, तो. पाळीचा कपडा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते, मैत्रिणींबरोबर एका शाळेतल्या छावणीत कामाला गेले. मदतीचे ट्रक येत होते. साड्यांचे ढीग लागले. एक ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "साडी नको गं. आतला कपडा वाळवायला कुठं जागा आहे का, ते बघ." पूर्ण वर्गात चाळीस-पन्नास माणसं, बायका-पुरुष एकत्र. तिनं तो कपडा ओलाच परत वापरला होता. मी समाजकार्य शिकत होते, पण हा प्रश्न आमच्या पुस्तकात मला कुठं दिसला नव्हता.

पुढं इथं आले तेव्हा कळलं, की याला महापूर लागत नाही. पाऊस असला की आपल्या घराघरात हेच चालतं. कपडा धुवायचा तोही चोरून. वाळवायचा तर परकराखाली, टॉवेलखाली, मोरीच्या कोपऱ्यात, खाटेच्या मागं, गोठ्यात. पुरुषाच्या नजरेला पडू नये, सासऱ्याला दिसू नये, कुणी करणी करू नये. आता वर सांगितलेला हवेचा हिशेब आठवा. ज्या कपड्याला सगळ्यात जास्त वारा पाहिजे, त्यालाच आपण सगळ्यात कमी वारा देतो. दुसऱ्या ओल्या कपड्याखाली झाकलेला कपडा आठ दिवसांतही वाळत नाही. पुढची पाळी आली की तोच सर्द कपडा आपण काढतो.

याचा त्रास होतो का? ओडिशात रुग्णालयात आलेल्या बायकांचा एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की कपडा वापरणाऱ्या बायकांमध्ये ज्या तो घराच्या आत वाळवत होत्या किंवा संडासात लपवून ठेवत होत्या, त्यांच्यात कँडिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग जास्त होता. म्हणजे ती खाज, ते दह्यासारखं पांढरं जाणं, ती आग, जी आपण कुणाला सांगत नाही आणि डॉक्टरला तर नाहीच नाही.

नीट ऐका, मी कपडा वाईट म्हणत नाही. पॅड सगळ्यांना परवडतात असं नाही, वापरून झाल्यावर टाकायचे कुठं हाही प्रश्न आहेच. स्वच्छ, मऊ, सुती आणि पूर्ण वाळलेला कपडा चांगलाच. ओलसर कपडा वाईट.

मग झडीत काय करायचं? कपडा आधी गार पाण्यात भिजवा. गरम पाण्यानं रक्ताचा डाग बसतो. मग साबण लावून कोमट किंवा कडक पाण्यात धुवा, साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळा. पिळून, टॉवेलमध्ये दाबून, एकेरी पसरा. चौघडी नको. चुलीवरच्या दांडीवर किंवा पंख्याखाली टाका. ऊन पडलं की पहिला मान त्याचा, मग साड्यांचा. ऊन नसेल तर शेवटी दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा. पूर्ण कोरडा झाल्यावर स्वच्छ सुती पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, मोरीत नाही. पावसाळ्यासाठी दोन-चार कपडे जास्तीचे ठेवा, म्हणजे ओल्याला हात घालायची पाळी येणार नाही. झडीचे दोन महिने जमलं तर पॅड वापरा. आणि कपडा असो की पॅड, चार-सहा तासांनी बदला.

लाज वाटते, हे मला मान्य आहे. मलाही वाटायची. एका वाडीतल्या ताईनं यावर साधा मार्ग काढलाय. तिनं न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला, वळचणीखाली, छोटी दोरी बांधली आणि पुढं पातळ जाळीदार ओढणी लावली. दिसत काही नाही, वारा सगळा लागतो. सासूबाई दोन दिवस बोलल्या. तिसऱ्या दिवशी नणंदेचा कपडा त्याच दोरीवर होता.

नायटा आणि ती क्रीम

आता माझीच फजिती सांगते. स्कूटीवर वाड्या-वस्त्या फिरायचं, भिजायचं, तीच ओली लेगिंग दिवसभर. मांडीला खाज सुटली, गोल चट्टा आला. नायटा. मी एका मेडिकलमध्ये गेले, त्यानं न विचारता एक क्रीम हातात दिली. दोन दिवसांत खाज गेली. मी खुश. क्रीम थांबवली की दुप्पट. असं तीन महिने चाललं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, त्या क्रीममध्ये स्टेरॉइड होतं. खाज दबते, पण बुरशी आतून पसरते आणि कातडी पातळ होते. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारनं २०१८ मध्ये केलाय. शिकलेली मुलगी असून मी फसले, तुम्ही फसू नका.

नायटा झाला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आशा ताईला विचारा. औषध सांगितलेले सगळे दिवस घ्या, चट्टा दिसेनासा झाला म्हणून सोडू नका. आपल्याकडचा नायटा आता हट्टी झालाय, नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही असेही रोगी आहेत. ज्याला नायटा आहे त्याचे कपडे, टॉवेल, वाकळ वेगळी. ते कपडे कडक पाण्यात धुवून पूर्ण वाळवा आणि इस्त्री करा. घरात दोघांना असेल तर दोघांनीही एकाच वेळी औषध घ्यायचं, नाहीतर तो घरातल्या घरात फिरत राहतो. आणि लावणीहून आल्यावर ओल्या लुगड्यात भाकरी थापायला बसू नका. आधी कपडे बदला. भाकरी दहा मिनिटं थांबेल.

आपण काय ठरवायचं?

शेवटी तीन गोष्टी मागते. या ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत प्रोसिडिंगला लिहून घ्या.

एक. प्रत्येक समूहानं पंधरा दिवसांत आपल्या सगळ्या सभासदांच्या घरची वलणी बघायची. तार दिसली की काढायची. दोरीचा खर्च असा कितीसा?

दोन. ज्यांचं घरकुल मंजूर झालंय, त्यांनी पाया घालायच्या आधी गवंड्याशी बोलायचं. घरकुल लहान असतं, २५ चौरस मीटरच्या आसपास. वर स्लॅब, कौलांसारख्या फटी नाहीत, माळा नाही. आपली कौलारू घरं गळत होती, पण श्वास घेत होती. म्हणून समोरासमोर खिडक्या, छताजवळ दोन झरोके, आणि बाहेर तीन फुटांची वळचण मागून घ्या. बांधताना मागायला खर्च कमी, नंतर भिंत फोडायला जास्त. गवंडी नवऱ्याचं ऐकतो म्हणतात. तर नवऱ्याला सांगा. घर दोघांच्या नावावर असेल तर स्वतः सांगा.

तीन. प्रत्येक वाडीत एक सामायिक वाळवणीची शेड. वर पारदर्शक पत्रा, तीन बाजू उघड्या, आत दोऱ्या, आणि एका कोपऱ्यात बायकांसाठी आडोसा. ढगातून जेवढा उजेड येतो, तेवढीही ऊब तिथं मिळते. पावसाळा संपला की तिथंच पापड, कुरडया, मिरच्या वाळवता येतील. ग्रामपंचायतीकडं जागा मागायची. ग्रामसभेला आपण सगळ्या मिळून गेलो, तर हा विषय कुणी हसण्यावारी नेणार नाही.

आणि एक चौथी, प्रोसिडिंगला न लिहिण्याची. पाऊस आला की अख्ख्या घरात एकच आरोळी ऐकू येते, "अगं, कपडे काढ!" ती आरोळी मारणारा माणूस बहुतेक वेळा दोरीच्या शेजारीच खुर्चीवर बसलेला असतो. त्याला म्हणा, "तुमचाच हात जवळ आहे." पोरांनाही शिकवा, पोरींनाही आणि पोरांनाही. कपडे सगळ्यांचे आहेत.

आमच्या घरमालकीण मावशी आज सभेत बसल्या आहेत. त्यांनी मला शिकवलं, की इथं कपडे वाळवावे लागतात. मी एवढंच पुढं जोडते. जो कपडा आपण अंगाला सगळ्यात जवळ घालतो, त्याला सगळ्यात आधी वारा दाखवा.

आता कर्जफेडीचं रजिस्टर काढूया.